छोटा गिटार ॲम्प घरी बनवताय? आधी ट्रान्सफॉर्मर बघा, व्हॉल्व्ह नंतर

गेल्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की पाच वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) घरी बनवता येतो. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा प्रश्नोत्तराचा भाग त्यालाच द्यावा लागतोय. बहुतेकांचा प्रश्न एकच, कुठला व्हॉल्व्ह घेऊ? म्हणून निवडक पत्रं घेतोय, थोडी कापून.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो, सोल्डरिंग चांगलं जमतं. पहिलाच व्हॉल्व्ह ॲम्प बनवायचाय. फेंडर चॅम्प, व्हॉक्स एसी४, मार्शलचा १८ वॉट अशी सर्किट्स काढून ठेवलीत. ६व्ही६ घेऊ की ईएल८४? डोकं चालेनासं झालंय. (नाशिक)

अरे, मार्शल १८ वॉट आत्ता बाजूला ठेव, त्यात दोन ईएल८४, तीन ईसीसी८३ (१२एएक्स७ चंच युरोपातलं नाव), वर फेज इन्व्हर्टर (दोन आउटपुट व्हॉल्व्हना उलटसुलट सिग्नल देणारा भाग) आणि ट्रेमोलो (आवाज लाटेसारखा कमी-जास्त करणारा), पहिल्या ॲम्पला एवढा पसारा नको. व्हॉक्सचा एसी४ छोटा आहे पण त्यात पुढे ईएफ८६ हा पेंटोड (आत पाच इलेक्ट्रोड असलेला व्हॉल्व्ह) आहे, आवाज मस्त, पण स्पीकरच्याच पेटीत बसवला की थरथरीने स्वतःच किणकिणायला लागतो, सगळे नाही पण बरेचसे. राहिला चॅम्प, त्यातही ५एफ१ हे पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातलं सर्किट, एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल वाढवणारा), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह), एक ५वाय३ (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर), एक व्हॉल्यूमचं बटण आणि संपलं. टोन कंट्रोलसुद्धा नाही. हवाच असेल तर ५एफ२-ए हे प्रिन्स्टनचं सर्किट बघ, तेच तीन व्हॉल्व्ह आणि एक टोनचं बटण जास्त.

आता तुझा खरा प्रश्न. ६व्ही६ ला २५० व्होल्ट दिले तर ४५ मिलीअँप करंट, ५ के (म्हणजे ५००० ओहम) चा लोड, साडेचार वॉट. ईएल८४ ला तेच २५० व्होल्ट दिले तर ४८ मिलीअँप, ५.२ के चा लोड, साधारण साडेपाच वॉट. आकडे शेजारी ठेवून बघ, दोघांना ट्रान्सफॉर्मर जवळपास एकच लागतो! म्हणजे तू ज्या प्रश्नावर रात्री जागवतोयस तो ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने प्रश्नच नाहीये. फरक आहे तो ग्रिडला (व्हॉल्व्हमधली सिग्नल घेणारी जाळी) किती ढकलावं लागतं यात. ६व्ही६ चा बायस (ग्रिडवर कायम ठेवलेलं उणे व्होल्टेज) साडेबारा व्होल्ट, ईएल८४ चा सातच्या थोडा वर, त्यामुळे ईएल८४ लवकर फाटतो (आवाज खरखरीत होतो, म्हणजेच डिस्टॉर्शन) आणि वरच्या पट्टीत जास्त चमकतो, ६व्ही६ जरा उशिरा आणि गोलसर फाटतो. क्लीन आणि थोडीशी खरखर हवी असेल तर ६व्ही६, पटकन घाण आवाज हवा असेल तर ईएल८४. मला विचारशील तर पहिल्याला ६व्ही६, कारण ऑक्टल बेसवर पिना लांब लांब असतात, सोल्डर करायला आणि मीटरची पिन टेकवायला सोपं.

पण पैसे जायचे ते ट्रान्सफॉर्मरवर आणि स्पीकरवर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केलीस तर वाइंडिंग करून देणारा सापडतो, त्याला नुसतं "व्हॉल्व्ह ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर" म्हणू नकोस, कागदावर लिहून दे. मेन्सचा: प्रायमरी ०-२३०-२५०, सेकंडरी २७५-०-२७५ ला ८० मिलीअँप, ६.३ व्होल्ट २ अँप, ५ व्होल्ट २ अँप. आउटपुटचा: ५ के ते ८ ओहम आणि ४ ओहमचा टॅप, सिंगल एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हसाठी), ५० मिलीअँप डीसी, एअर गॅप (लोखंडी गाभ्यात बारीक फट) ठेवून, प्रायमरीचं इंडक्टन्स १० हेन्रीच्या आसपास. एअर गॅप हा शब्द दोनदा सांग. सिंगल एंडेडमध्ये डीसी करंट सतत एकाच दिशेने वाहतो, गॅप नसला तर लोखंड तिथेच भरून जातं आणि खालचे सूर गायब होतात. गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झची, तिथपर्यंत नीट गेलं की झालं, हायफायवाल्यांसारखं २० हर्ट्झच्या मागे लागायची गरज नाही.

सर्किट उभं राहिलं की ६व्ही६ च्या कॅथोडवरच्या (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) ४७० ओहमच्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज मोज. १९ व्होल्ट आले तर ४० मिलीअँप. त्यातले दोन-तीन स्क्रीनचे (आतली दुसरी जाळी) सोड, उरलेल्याला प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) ते कॅथोड व्होल्टेजने गुण. १२ वॉटच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर ४७० काढून ५६० किंवा ६८० लाव. जुन्या चॅम्पमध्ये ६व्ही६ ला कागदावरच्या मर्यादेपेक्षा जास्तच व्होल्टेज दिलेलं असायचं आणि त्या काळचे व्हॉल्व्ह ते झेलायचे. आज नवीन घेणार असशील तर स्लोव्हाकियातल्या जेजे चा ६व्ही६ त्या बाबतीत दणकट आहे.

सर, आजोबांचा रेडिओ माळ्यावर सापडला. आत ६बीई६, ६बीए६, ६एव्ही६, ६एक्यू५ असे व्हॉल्व्ह आहेत. यातून गिटार ॲम्प होईल का? लोकं म्हणतात हे रेडिओचे व्हॉल्व्ह, गिटारला चालत नाहीत. (सातारा)

व्हॉल्व्हला काय कळतंय गिटार आहे की बिनाका गीतमाला. ६एक्यू५ म्हणजे ६व्ही६ च समजा, छोट्या सातपिनी बाटलीत घातलेला. २५० व्होल्टला आकडे शब्दशः तेच, साडेचार वॉट. फक्त त्याला २५० च्या वर नेऊ नका, बाटली लहान आहे, उष्णता जायला जागा नाही. ६एव्ही६ च्या पोटात दोन डायोड आणि एक ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा, सिग्नल वाढवणारा), आणि तो ट्रायोड म्हणजे १२एएक्स७ चा अर्धा भाग, गेन (सिग्नल जास्तीत जास्त किती पट होतो ते) १०० चाच. ज्या १२एएक्स७ साठी लोक जास्तीचे पैसे मोजतात त्याचा अर्धा तुमच्याकडे फुकट बसलाय! दोन ६एव्ही६ मिळाले तर एक पूर्ण १२एएक्स७ झाला, आणि ६एव्ही६ स्वस्तात मिळतो कारण त्याच्या मागे कोणी लागत नाही. ६बीई६ आणि ६बीए६ ठेवून द्या डब्यात, ते रेडिओच्या पुढच्या भागाचे.

एका ६एव्ही६ वर भागेल का? हिशोब करू. त्याचा प्रत्यक्षातला गेन साठच्या आसपास, ६एक्यू५ ला पूर्ण ढकलायला सुमारे पावणेनऊ व्होल्ट लागतात, म्हणजे गिटारकडून दीडशे मिलीव्होल्ट पाहिजेत. गिटारचा पिकअप हंबकर (दोन कॉइलचा, जास्त सिग्नल देणारा) असेल तर पोचतो, सिंगल कॉइल असेल तर काठावर राहतो. आवाज स्वच्छ येईल पण फाटणार नाही. फाटायला हवा असेल तर दुसरा ६एव्ही६ पाहिजेच.

आता दोन गोष्टी. पहिली, मागे बघा, मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे का. पूर्वी काही गावांत डीसी लाइट होती म्हणून एसी-डीसी दोन्हींवर चालणारे सेट निघायचे, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, मेन्सची एक तार थेट चासीला (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला). अशा चासीला गिटार जोडलीत तर गिटारच्या तारा म्हणजे लाइटच्या तारा. तो सेट गिटारला वापरायचा नाही, चर्चा नाही. तुमचे सगळे व्हॉल्व्ह ६ ने सुरू होतायत म्हणजे बहुधा ट्रान्सफॉर्मरचा सेट आहे, पण डोळ्यांनी बघून खात्री करा.

दुसरी गोष्ट, रेडिओ चालू होण्यासारखा असेल तर तो फोडू नका हो. आजोबांचा आहे. मेलेला, कॅबिनेट वाळवीने खाल्लेला, डायल फुटलेली असा सेट कुठल्याही जुन्या बाजारात मिळेल, तो फोडा.

नमस्कार. मी सध्या श्टुटगार्टला असतो, इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात जुन्या रेडिओ-टीव्हीचे व्हॉल्व्ह खोक्यांनी मिळतात. ईसीएल८२, ईसीएल८६, पीसीएल८२, पीसीएल८६, यूसीएल८२ असं काय काय. ईएल८४ महाग, हे मात्र चिल्लरमध्ये. घेऊ का?

घ्या, पिशवी भरून घ्या, आणि पुढच्या सुट्टीत येताना इकडेही आणा. युरोपातल्या नावांत सगळं लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर हीटरचं (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार). ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पी म्हणजे ३०० मिलीअँप, टीव्हीत सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एका माळेत ओवायचे त्यासाठी. यू म्हणजे १०० मिलीअँप, ते वर सांगितलेल्या बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटसाठी. पुढे सी म्हणजे ट्रायोड, एफ म्हणजे साधा पेंटोड, एल म्हणजे आउटपुटचा पेंटोड, झेड म्हणजे फुलवेव्ह रेक्टिफायर. आकडा आठने सुरू झाला तर नऊ पिनांचा बेस, नऊने झाला तर सात पिनांचा. म्हणजे ईसीएल८६ ही ६.३ व्होल्टची, ट्रायोड आणि आउटपुट पेंटोड एकाच काचेत असलेली, नऊ पिनांची बाटली. एका बाटलीत अख्खा ॲम्प!

पीसीएल८२ आणि ईसीएल८२ आतून तेच, पिनाही त्याच, फरक हीटरचा. पीसीएल८२ ला १६ व्होल्ट लागतात, पीसीएल८६ ला साडेचौदा. १५ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, जो इकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, तो दोघांनाही चालतो, कारण दहा टक्के इकडेतिकडे हीटरला खपतं. एवढ्या एका ट्रान्सफॉर्मरच्या भीतीने लोक पीवाल्या व्हॉल्व्हला हात लावत नाहीत म्हणून ते चिल्लरमध्ये पडलेत. यूसीएल८२ ला ५० व्होल्टचा हीटर, तो मात्र सोडा, उगाच कटकट.

८२ की ८६? गिटारला ८६. त्याच्या ट्रायोडचा गेन १०० चा, पेंटोडला पूर्ण आवाजाला तीन-सव्वातीन व्होल्ट पुरतात, चार वॉट देतो, लोड ७ के. गिटारच्या ५० मिलीव्होल्टला पूर्ण आवाज, जोरात छेडलं तर छान फाटतो. ८२ चा ट्रायोड ७० चा, आणि पेंटोड मागतो सहा-सात व्होल्ट, तो रेकॉर्ड प्लेअरसाठी ठीक होता, गिटारला त्याच्यापुढे अजून एक ट्रायोड लावावा लागतो. दोन ईसीएल८२ घेऊन दोन्ही ट्रायोड एकामागे एक आणि दोन्ही पेंटोड पुश-पुलमध्ये (एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो अशी जोडी) असं करता येईल असं वाटतं खरं, पण पुश-पुलला फेज इन्व्हर्टर म्हणून एक ट्रायोड लागतोच, मग पुढे उरतो एकच. करायचंच असेल तर एक ईसीसी८३ जोडीला घ्या.

पुण्याच्या जुन्या बाजारात एकाकडे टेलिफंकन ईसीसी८३ आहे, "न वापरलेला, ओरिजिनल" म्हणून भरपूर पैसे मागतोय. पहिल्या ॲम्पला चांगला व्हॉल्व्ह घालावा म्हणतो. घेऊ का? (पुणे)

नको.

जरा सविस्तर सांगतो नाहीतर रागवाल. टेलिफंकनच्या स्वतःच्या कारखान्यातल्या व्हॉल्व्हला खाली काचेत, पिनांच्या मधोमध, हिऱ्याच्या आकाराची खूण दाबलेली असते. ती नसेल तर वरची छपाई कोणीही केलेली असू शकते, आणि त्या काळात मोठ्या कंपन्या एकमेकांचा माल घेऊन त्यावर आपलं नाव छापायच्याच, त्यात फसवणूक नव्हती, धंदा होता. फसवणूक आज होते. न वापरलेला म्हणजे काय हेसुद्धा बघून कळत नाही, डोक्यावरचा चंदेरी लेप चकचकीत आहे म्हणजे आत हवा शिरलेली नाही एवढंच कळतं, लेप पांढरा दुधाळ झाला असेल तर तो व्हॉल्व्ह मेला. पिना घासलेल्या आहेत का बघा, आतल्या प्लेटला काळपट डाग आहेत का बघा, आणि शेवटी चालू ॲम्पमध्ये लावून पेन्सिलने टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर तो पहिल्या जागेला निरुपयोगी.

त्यापेक्षा बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह शोधा. बीईएलने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, ईसीसी८३, ईएल८४ हे त्यातलेच, आणि आपल्याकडच्या रेडिओ मेकॅनिकच्या फळीवर ते अजून सापडतात. पेटीवर परदेशी नाव नाही म्हणून भाव कमी, ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे, जास्त बोभाटा करू नका. नाहीतर आजचे नवे घ्या, स्लोव्हाकिया, रशिया, चीन तिन्हीकडे बनतात, ॲम्प उभा राहीपर्यंत तेच बरे. चूक झाली आणि व्हॉल्व्ह गेला तर रडू येणार नाही.

आणि १२एएक्स७ च्या जागी दुसरे बसवून बघायचे असतील तर १२एवाय७ घ्या, गेन चाळीसच्या थोडा वर, जुन्या, ट्वीड कापडाने मढवलेल्या फेंडरमध्ये पहिल्या जागेला तोच असायचा, आवाज लवकर फाटत नाही. पिना त्याच. रशियन ६एन२पी मात्र सरळ खोचू नका, ट्रायोडच्या पिना जुळतात पण हीटर जुळत नाही. त्याचा हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये आहे, आपल्या बेसवर त्या दोन्ही एकत्र जोडलेल्या असतात, म्हणजे तो पेटणारच नाही.

आमच्या गणपती मंडळाचा जुना व्हॉल्व्हचा पीए ॲम्प पडून आहे, दोन ईएल३४ चा. मंडळ म्हणतंय घेऊन जा. त्याचे ट्रान्सफॉर्मर काढून दोन चॅम्प बनवावेत असा विचार आहे. (कोल्हापूर)

दोन चॅम्प होणार नाहीत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर एक आहे आणि तो पुश-पुलचा आहे, त्यात गॅप नाही, दोन बाजूंचे डीसी एकमेकांना काटतात म्हणून चालतो. एकाच व्हॉल्व्हला लावला की वर नाशिकच्या मुलाला सांगितलं तेच होणार. मेन्सचा ट्रान्सफॉर्मरही ईएल३४ ला धरून बांधलाय, व्होल्टेज ६व्ही६ ला झेपणार नाही.

आहे तसाच गिटारचा करा ना! मोठा होईल, तीस-चाळीस वॉटचा, पण गणपतीच्या मांडवात वाजवायला तोच लागेल. मागे स्पीकरच्या पट्टीवर नीट वाचा, बऱ्याच पीएवर १०० व्होल्ट लाइन असा स्क्रू असतो, तो भोंग्यांसाठी. ४० वॉटला १०० व्होल्टचा अर्थ २५० ओहमचा लोड, तिथे ८ ओहमचा स्पीकर लावलात तर जवळजवळ शॉर्ट केल्यासारखंच. ८ किंवा १६ ओहमचा स्क्रू असेल तर तो वापरा. नसेल तर हा उद्योग सोडा.

चालू करण्याआधी सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर बदला, विचारायचंच नाही. मेणाचे, कागदाचे कपलिंग कंडेन्सरही. ते गळतात, प्लेटचं व्होल्टेज थोडं थोडं पुढच्या ग्रिडवर झिरपतं, आउटपुट व्हॉल्व्हचा बायस जातो आणि प्लेट लालभडक होते, आणि मग माणूस व्हॉल्व्हला शिव्या देतो. तपासायचं असेल तर ईएल३४ काढून ठेवा, ॲम्प चालू करा, बेसच्या ५ नंबरच्या पिनेवर डीसी मोजा. कॅथोड बायसचं सर्किट असेल तर तिथे शून्य हवं. फिक्स्ड बायस असेल तर उणे व्होल्टेज दिसायला हवं आणि दोन्ही बेसवर सारखं. पुढचा माइकचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो बाजूला काढा, गिटारला पहिल्या ग्रिडवर ६८ के आणि १ मेग एवढंच पुरतं.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तुमचं वाचून व्हॉल्व्हचा ॲम्प बनवायचा म्हणून मागे लागलाय. घरात ईएलसीबी आहे, तरी मला भीती वाटते. करू देऊ का? (सांगली)

ताई, भीती बरोबर आहे, आणि ईएलसीबीवर अजिबात विसंबू नका. तो मेन्सची गळती ओळखतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे ३०० व्होल्ट डीसी तयार होतात त्यातून शॉक बसला तर ईएलसीबीला पत्ताही लागत नाही. आणि ॲम्प बंद करून प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ते व्होल्टेज राहतं.

करू द्या, पण एकट्याला नाही. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेला कोणी मेकॅनिक शेजारपाजारी असेल तर त्याच्या हाताखाली. मुलाला सांगा, पहिल्या कंडेन्सरवर २२० के, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा लावायचा, म्हणजे बंद केल्यावर मिनिटभरात उतरतो, तरी दर वेळी मीटरने मोजूनच आत हात घालायचा. चालू असताना मोजायचं तर काळी तार चिमट्याने चासीला, एक हात खिशात. थ्री-पिनची अर्थ चासीला स्क्रूने घट्ट, फेजमध्ये फ्यूज. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्बच्या बोर्डवर, व्हॉल्व्ह न लावता. बल्ब भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, मिणमिणता राहिला तर पुढे जायचं. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की आत ठिणगी पडून तो कायमचा जातो.

डोंबिवलीत वन बीएचके, पाच वॉटचा चॅम्प बनवला, झकास झालाय. पण फाटेपर्यंत वाढवला की खालचे काका वर येतात. एक वॉटचा व्हॉल्व्ह कुठला?

एक वॉटने काकांना काही फरक पडणार नाही. पाचचा अडीच वॉट केला तर फक्त ३ डेसिबल कमी, कानाला जेमतेम कळतं. अर्धा वॉट केला तेव्हा १० डेसिबल, तेव्हा कुठे आवाज निम्मा वाटतो. उलट बाजूने बघा. गिटारचा चांगला स्पीकर एका वॉटला ९७ डेसिबलच्या आसपास देतो, जुना साधा स्पीकर ८८. ही नऊची तफावत म्हणजे पॉवर आठपट कमी केल्यासारखी. तेव्हा नवीन व्हॉल्व्ह आणण्यापेक्षा घरासाठी एक बथ्थड स्पीकर आणा! सगळे जण चांगला स्पीकर घ्या सांगतात, मीही सांगतो, पण डोंबिवलीला अपवाद.

तेही नको असेल तर स्पीकरच्या वाटेत ५.६ ओहम एक आणि स्पीकरला समांतर ३.९ ओहम एक, दोन्ही १० वॉटचे वायरवाउंड. ॲम्पला अजूनही आठच ओहम दिसतात आणि आवाज १० डेसिबलने उतरतो. गरम होतात, लाकडाला चिकटवून ठेवू नका. मास्टर व्हॉल्यूम चॅम्पला लावू नका, गंमत शेवटच्या व्हॉल्व्हच्या फाटण्यात आहे, मास्टरने तीच कापली जाते.

न्यू जर्सीत चॅम्पचं किट मागवतोय, दोन वर्षांनी नागपूरला परत यायचंय. इथला ट्रान्सफॉर्मर तिथे स्टेप-डाउनवर चालेल ना?

स्टेप-डाउन व्होल्टेज कमी करतो, इकडच्या ५० हर्ट्झचे तिकडचे ६० करत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर ५० ला वीस टक्के जास्त भार येतो, गुरगुरतो आणि तापतो, आणि नागपूरचा मे महिना वेगळा. किटवाल्याकडे एक्स्पोर्टचा म्हणून १२० आणि २३०-२४० दोन्हींचा, ५०/६० हर्ट्झ लिहिलेला मिळतो का विचारा, थोडेच पैसे जास्त पडतात. इकडे आल्यावर हीटरचं व्होल्टेज मोजा. रात्री लाइट २५० पर्यंत जाते तिथे ६.३ चे ६.९ व्हायला वेळ लागत नाही, आणि त्याच्यावर गेलं की व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं. २५० चा टॅप असेल तर तो वापरा.

सर्किट तंतोतंत ५एफ१, व्हॉल्व्ह तीन वेळा बदलले, तरी हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) जात नाही. आता कुठला व्हॉल्व्ह आणू? (म्हापसा)

चौथा आणू नका. गिटार घ्या आणि सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झचा. हम त्याच सुराला जुळतोय का ऐका. जुळला तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कंडेन्सर, त्यांची किंमत किंवा त्यांची अर्थ. ५वाय३ च्या लगेच पुढचा कंडेन्सर मात्र वीस मायक्रोफॅरडच्या आसपासच ठेवा, हम घालवायला तिथे शंभर टाकलात तर चालू करतानाचा झटका रेक्टिफायरला सोसणार नाही, वाढवायचं तर त्याच्या पुढचे दोन वाढवा.

हम त्या जीच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, मग हीटरच्या तारा बघा. दोन्ही एकमेकींना पीळ देऊन, चासीच्या कोपऱ्याकोपऱ्याने, ग्रिडच्या तारेपासून लांब न्यायच्या. हीटरच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स घेऊन त्यांचा सांधा चासीला जोडण्याऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला जोडा, तिथले १९-२० व्होल्ट हीटरला मिळतात आणि बराचसा हम तिथेच गप्प होतो. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर हम गेला तर दोष १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागाकडे, नाही गेला तर पुढे. आणि मेन्सचा आणि आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर एकमेकांना काटकोनात आहेत का बघा. एकाच दिशेने शेजारी बसवले असतील तर एक सैल करून हाताने फिरवून बघायचं, ॲम्प बंद करून, सगळे व्हॉल्व्ह काढून, आउटपुटच्या सेकंडरीला हेडफोन लावून मग फक्त मेन्स चालू करून. ज्या कोनात आवाज सगळ्यात कमी, तिथे स्क्रू आवळा.